शहाजीराजे : बीज आणि भूमी

सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी आम्हां बंगळूरवासी मराठीजनांना शहाजीराजे भोसले यांचे स्मरण अगत्याचे वाटते. देश सोडून या नगरीत संसार मांडणाऱ्यांचे ते आमचे पूर्वसूरी.

माणूस उपजत गुणांनी घडतो की परिस्थितीने, हा वाद जुना आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ साली एका छोट्या सूत्रात त्याचा निवाडा केला. व्यक्ती आणि तिचा परिसर या दोहोंच्या मेळातून वर्तन उपजते. एकाला वगळून दुसऱ्याचा विचार व्यर्थ होय. शहाजीराजांचे चरित्र या सूत्राचे भाष्यच म्हणावे लागेल.

वेरूळच्या मालोजीराजांचे हे पुत्र. निजामशाही मोडकळीस आली तेव्हा राजवंशातील एका बालकाला गादीवर बसवून त्यांनी १६३३ पासून मोगलांशी झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीस शरणागती पत्करावी लागली, आणि आदिलशाहीच्या चाकरीत त्यांची रवानगी दूर कर्नाटकात झाली. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत केंपेगौडांचे बंगळूर पडले व पुढे ते शहाजीराजांची जहागीर बनले. पराभूत केंपेगौडांकडे मागडी राहिली. पुरुष तोच, परंतु परिसर पालटताच रणांगणातील झुंजार सरदार एका परक्या मुलखाचा कारभारी झाला. त्यांच्या दरबारात अनेक भाषांतील कवी नांदत, हे जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'वरून कळते.

पुत्रांची कथा याहून उद्बोधक आहे. बाल शिवबा जिजाऊंसह काही काळ बंगळुरास राहून १६४२ च्या सुमारास पुण्यास परतले. व्यंकोजी कर्नाटकातच वाढले. मावळच्या डोंगरांत एकाने स्वराज्य उभारले. दुसऱ्याने आदिलशाहीची चाकरी करीत १६७५-७६ मध्ये तंजावर हस्तगत केले. मात्र सारे श्रेय भूमीला देणेही युक्त नव्हे. मावळात वाढलेली मुले कित्येक, शिवराय एकच!

१६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, पुढल्या वर्षी सुटका झाली; पण ते पुण्यास परतले नाहीत, कर्नाटकातच राहिले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला.

अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलणारी आपली मुले मराठी राहतील काय, ही चिंता आम्हां सर्वांच्या मनात असते. शहाजीराजांचेच नाव धारण करणाऱ्या तंजावरच्या नातवाने तेलुगूबरोबर मराठीतही नाटके रचली. भोवतालची भाषा त्याने आपलीशी केली, घरची टाकली नाही. नगर आपल्या हाती नसते. परंतु घर हाही परिसरच, आणि तो आपण घडवितो. होदिगेरेस राजांची समाधी आहे. मुलांना एकदा तेथे न्यावे, आणि वाटेत ही हकीकत मराठीतून सांगावी.