झाँ-आंरी फाब्र

झाँ-आंरी फाब्र (डिसेंबर, इ.स. १८२३ - ११ ऑक्टोबर, इ.स. १९१५) हे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ, शिक्षक व लेखक होते. कीटकांच्या वर्तनावरील त्यांचे निबंध इ.स. १८७९ ते इ.स. १९०७ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाले. आजच्या कामगंध सापळ्यांमागील तत्त्वाचा माग ज्या आरंभीच्या निरीक्षणांपर्यंत जातो, त्यांत फाब्र यांचे पतंगांवरील प्रयोग महत्त्वाचे मानले जातात.

== जीवन ==
दक्षिण फ्रान्समधील सें-लेआँ या खेड्यात एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वयाच्या १९ व्या वर्षी ते प्राथमिक शिक्षक झाले. कारपांत्रा व कॉर्सिका येथे अध्यापन केल्यानंतर ते आव्हिन्यों येथील विद्यालयात रुजू झाले. मंजिष्ठेच्या मुळांतील रंग शुद्ध करण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. परंतु कोळशाच्या डांबरापासून तोच रंग तयार होऊ लागला आणि ते श्रम वाया गेले. पुढे मुलींसमोर फुलांच्या फलनाविषयी व्याख्यान दिल्यावरून धार्मिक मंडळींचा रोष ओढवला व त्यांना राहते घर सोडावे लागले. त्या अडचणीत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी कोणताही कागद न करता ३,००० फ्रँक उसने दिले. ते त्यांनी पुढे फेडले. इ.स. १८७९ मध्ये ते सेरीन्याँ येथील ओसाड, दगडाळ जागेत राहायला गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

== पतंगांवरील प्रयोग ==
ग्रेट पीकॉक हा युरोपातील सर्वांत मोठा पतंग. त्याच्या अळ्या बदामाची पाने खातात. एका मे महिन्यात सकाळी फाब्र यांच्या टेबलावर या पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्यांनी ती जाळीच्या झाकणाखाली ठेवली. त्याच रात्री सुमारे चाळीस नर घरात शिरले. आठ रात्रींत ही संख्या दीडशेवर गेली.

नरांना वाट कशी सापडते, हे शोधण्यासाठी त्यांनी काही नरांच्या स्पर्शिका कापल्या. त्यांतील फारच थोडे परतले. मात्र स्पर्शिका शाबूत ठेवून केवळ खूण केलेले नरही क्वचितच परतले, कारण या पतंगांचे आयुष्यच काही दिवसांचे असते. त्यामुळे या प्रयोगातून काही सिद्ध होत नाही, हे फाब्र यांनी मोकळेपणाने नोंदवले. त्यांच्या लेखनाचे मोल अशा कबुल्यांतही आहे. डांबराच्या गोळ्यांच्या उग्र वासानेही नर फसले नाहीत. परंतु पत्रा, लाकूड वा पुठ्ठ्याच्या घट्ट बंद पेटीत मादी ठेवली की एकही नर येत नसे. झाकणाला किंचित फट राहिली तरी ते येत.

निर्णायक पुरावा ओक एगर या दुसऱ्या पतंगाने दिला. त्याचा कोश रोज भाजी आणणाऱ्या सात वर्षांच्या मुलाने आणून दिला होता. त्यातील मादी सोबत ठेवलेल्या प्रार्थनाकीटकाने खाल्ली आणि पुढील कोशांसाठी तीन वर्षे वाट पाहावी लागली. नवी मादी काचेखाली स्पष्ट दिसत असतानाही नर तिच्याकडे न जाता, ती आधी बसलेल्या रिकाम्या जाळीभोवती जमले. माणसाच्या नाकाला न जाणवणारे काहीतरी मादी मागे ठेवते, असा याचा अर्थ होता.

== उत्तरायुष्य ==
चार्ल्स डार्विन यांनी फाब्र यांच्या निरीक्षणशक्तीची प्रशंसा केली होती. फाब्र यांना मात्र उत्क्रांतिवाद कधीच पटला नाही. कीर्ती त्यांना वार्धक्यात मिळाली. इ.स. १९१० मध्ये सेरीन्याँ येथे त्यांचा सत्कार झाला.

== पुढील संशोधन ==
त्या अदृश्य द्रव्याची रासायनिक ओळख इ.स. १९५९ मध्ये पटली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे ५ लाख माद्यांपासून अवघे काही मिलिग्रॅम द्रव्य मिळवले. पुढे सफरचंदाच्या बागांत कॉडलिंग पतंगासाठी आणि महाराष्ट्रात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी असे सापळे वापरात आले.

माव्याचे गणित निराळे आहे. त्याच्या माद्या वसंत-उन्हाळ्यात नराशिवायच पिल्ले देतात. समशीतोष्ण प्रदेशातील अनेक जातींत नर केवळ शरद ऋतूत दिसतात. फाब्र यांनीही आठव्या खंडात टेरेबिंथ झुडपावरील माव्याच्या गाठी, स्थलांतर व मीलन यांचे वर्णन केले आहे. माव्याच्या कामगंधातील नेपेटालॅक्टोन व नेपेटालॅक्टोल ही द्रव्ये इ.स. १९८७ मध्ये ओळखली गेली. त्यांचे सापळे शरदात लावून फळझाडांकडे परतणाऱ्या पंखधारी नरांची नोंद घेता येते.