ठेवीदारांचे चिंतामणराव

चिंतामणराव देशमुख म्हटले की महाराष्ट्राला आठवतो तो १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला अर्थमंत्रिपदाचा राजीनामा. तो तेजस्वी होता, यात शंका नाही. परंतु बँकेत चार पैसे ठेवणाऱ्या शिक्षक-कारकुनांवर त्यांचे खरे ऋण आहे ते त्यापूर्वीच्या एका रूक्ष वाटणाऱ्या कामाचे.

रायगडानजीकच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला पहिला क्रमांक, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजचे शिक्षण आणि १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक, अशी त्यांची वाटचाल. मध्यप्रांत-वऱ्हाडात सनदी सेवा बजावून ते १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेशी निगडित झाले आणि १९४३ मध्ये सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९३५ साली स्थापन झालेल्या या मध्यवर्ती बँकेला इतर बँकांच्या दप्तराची सरसकट तपासणी करण्याचा अधिकार नव्हता. १९३८ साली दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. टेलर यांनी १९३९ मध्येच बँकविषयक कायद्याचे प्रस्ताव सरकारकडे धाडले होते. युद्धामुळे ते मागे पडले. युद्धकाळात पैसा वाढला, तशा बँका आणि शाखाही वाढल्या. १९४६ च्या वटहुकुमाने रिझर्व्ह बँकेला सरकारच्या आदेशावरून तपासणी करता येऊ लागली. पण कारवाईचा निर्णय सरकारचाच राहिला. दोष पाहणारा एक आणि आवर घालणारा दुसरा, असा हा प्रकार होता.

१६ मार्च १९४९ रोजी अमलात आलेल्या बँकिंग कायद्याने स्वतःहून तपासणी करण्याचा आणि परवाना देण्या-नाकारण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे एकत्र आला. त्याच वर्षी जूनअखेर चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले.

सहकारी बँका मात्र या कायद्याबाहेर राहिल्या. १९६६ पासून त्यांना तो अंशतः लागू झाला. तरी बँकव्यवहार रिझर्व्ह बँकेकडे आणि संचालक मंडळ, निवडणुका व लेखापरीक्षण सहकार निबंधकाकडे, असे दुहेरी नियंत्रण रुजले. सहकाराचा गड असलेल्या महाराष्ट्राला त्याची किंमत मोजावी लागली. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आयुष्यभराची पुंजी अडकलेले ठेवीदार रस्त्यावर आले. त्यानंतर २०२० च्या दुरुस्तीने व्यवस्थापन आणि लेखापरीक्षणाबाबतचे अधिकारही रिझर्व्ह बँकेला मिळाले.

अधिकार एकवटल्याने बँका बुडणे थांबते, असे नव्हे. १९४९ च्या कायद्यानंतरही १९६० साली केरळात पलाई सेंट्रल बँक बुडालीच. शिवाय सत्ता एका हाती गेली की ती निष्काळजी होण्याचा धोकाही असतो. तरीही जबाबदारी विभागली गेली की जाब कोणाला विचारायचा, हेच ठेवीदाराला कळेनासे होते. ती एका ठिकाणी असली, तर निदान चुकणारा लपू शकत नाही.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणराव निवर्तले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा रसिक प्रशासक राजीनाम्यासाठी स्मरणात राहिला. बँकेच्या पासबुकावर विसंबून निश्चिंत झोपणाऱ्याने मात्र त्याचे १९४९ सालही विसरू नये.