कलामहर्षी बाबूराव पेंटर

विद्यार्थिमित्रहो, जुने, झिजलेले यंत्र दिसले की त्याची किंमत भंगाराच्या दराने करावी, अशी जगाची रीत आहे. परंतु जिज्ञासू माणसाच्या हाती पडले म्हणजे तेच यंत्र गुरूचे काम करिते. कोल्हापूरचे कलावंत बाबूराव पेंटर यांचे चरित्र या गोष्टीची उत्तम साक्ष आहे. ते नांदेड-लातूरकडील आपल्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे, या हेतूने हा अल्प प्रयत्न केला आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे स्वतः कुशल कारागीर असल्यामुळे हत्यारांची ओळख त्यांना घरातच झाली. शाळेतील शिक्षण बेताचेच झाले. पण डोळा आणि हात यांचे शिक्षण अखंड चालू राहिले. नात्याने बंधू असलेले आनंदराव हे त्यांचे जिवलग सहकारी होते. संगीत नाटकांच्या त्या वैभवाच्या काळात या जोडीने नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविले व मोठा लौकिक मिळविला. या व्यवसायावरूनच पेंटर हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. त्याने या दोघा बंधूंना वेड लाविले. आपणही असे हलते चित्र निर्माण करावे, असा त्यांनी निश्चय केला. पण कॅमेरा आणावा कोठून? फाळके यांनी आपला कॅमेरा विलायतेहून आणिला होता. इतका खर्च या कारागिरांस कोठून झेपणार? शिवाय १९१४ साली महायुद्ध पेटले. तेव्हा त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक वापरलेले यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, विकत घेतले. त्यावर ते चित्रपट दाखवीत, आणि दाखविता दाखविता त्या यंत्राचा अभ्यासही करीत.

त्यांनी हेच यंत्र का अभ्यासिले, हे समजून घेण्याजोगे आहे. प्रोजेक्टर आणि कॅमेरा हे एकाच कुळातले. दोहोंतही फीत सलग धावत नाही. ती थांबत थांबत पुढे सरकते. फितीच्या दोन्ही कडांस भोके असतात. त्यांत दाते अडकून एक चित्र पुढे ओढिले जाते, क्षणभर स्थिर राहते व लगेच दुसरे त्याच्या जागी येते. मूकपटाच्या काळी अशी सुमारे १६ चित्रे दर सेकंदास सरकत. फीत हलत असताना झडप मिटलेली व स्थिर असताना उघडी, असा मेळ साधावा लागतो. तो किंचितही चुकला, तर चित्र पुसट होते. भेद इतकाच की, प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीत इतर कोठूनही प्रकाशाचा कण शिरता उपयोगी नाही.

हे काम अर्ध्यावर असतानाच १९१६ साली आनंदरावांचा मृत्यू झाला. ज्याच्या संगतीने स्वप्न पाहिले, तोच निघून गेला. अशा वेळी सुटे भाग पेटीत भरून बाबूराव पुन्हा पडदे रंगविण्याकडे वळले असते, तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. परंतु आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी बंधूचे अपुरे कार्य पुढे चालविले. १९१८ साली त्यांचा कॅमेरा तयार झाला.

पुढे गायिका तानीबाई कागलकर यांच्या द्रव्यसाहाय्याने त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. १९२३ साली ‘सिंहगड’ आला. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात दिसले. त्यात शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. ज्या मुलखात दुष्काळ आणि कर्ज ही पाहुण्यासारखी वारंवार येतात, तेथील वाचकांस या विषयाचे मोल निराळे सांगावयास नको.

बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक आज पाहावयास उरले नाहीत. ते काळाच्या ओघात नष्ट झाले. मग त्यांच्या श्रमाचे काय राहिले? राहिली ती शिष्यपरंपरा. दामले, फत्तेलाल, शांताराम प्रभृतींनी १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. दामले व फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. जुन्या बाजारातील एका यंत्राजवळ बसून जी विद्या मिळविली, तिची कीर्ती अशी सातासमुद्रापलीकडे गेली. स्वतः बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी निवर्तले.

मुलांनो, तुमच्याही घरी एखाद्या ट्रंकेत आजोबांचा जुना कॅमेरा पडून असेल. झडप अडकली असेल, भिंगावर बुरशी धरली असेल. तो भंगारात घालण्यापूर्वी वडिलांची अनुमती घेऊन एखाद्या जाणत्या माणसाजवळ बसा. कोणता स्क्रू कोठून निघाला, हे क्रमाने लिहून ठेवा. जोर करू नका, घाई करू नका. तो चालू होईल न होईल. परंतु तो कसा चालत होता, हे ज्याला कळले, त्याचे श्रम वाया गेले असे कोण म्हणेल? आनंदराव आणि बाबूराव यांनी आरंभ केला तो एवढ्याच जिज्ञासेने.