बाबासाहेब, नोकरी आणि मालकाची पसंती

उरण-पनवेलपासून महाडपर्यंत रायगडच्या पट्ट्यात आज कारखाने, बंदर, गोदामे आणि रिसॉर्ट उभी आहेत. नोकरी मागायला गेलेल्या आमच्या पोरांना तिथे जात कुणी विचारीत नाही. मासे-मटण खाता का, गावात राहता की वस्तीत, घरी कोणते सण करता, एवढेच विचारतात. असल्या प्रश्नांनंतर परत पाठवलेला एक तरुण मध्यंतरी आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. पगार मी देणार, तेव्हा माणूस माझ्या पसंतीचा घेणार, असे मालकवर्गाचे म्हणणे असते. या निमित्ताने बाबासाहेबांच्या जीवनाकडे एका वेगळ्या बाजूने, नोकरी मागणारा माणूस म्हणून पाहिले पाहिजे असे आम्हास वाटते.

कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांनीच शिष्यवृत्ती दिली होती. म्हणजे मालकाची नियत साफ होती. पण कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकीत. राहण्यास जागा मिळेना म्हणून ते पारशी सराईत उतरले, तर जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. निवाराच नाही तर नोकरी कशी टिकणार? ती सोडून ते मुंबईस परतले. शेअर बाजारातील व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथे प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून कुरबूर झाली. १९२३ साली बॅरिस्टर होऊन वकिली सुरू केली, तर सॉलिसिटर खटले देईनात. एवढ्या पदव्यांच्या माणसाची ही गत, तर कोकणातून बोटीने मुंबई गाठणाऱ्या गिरणी कामगाराचे काय होत असेल?

गिरण्यांत तर पसंतीचा उघड बाजार होता. कापड खात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे सांगत की तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, तो विटाळतो. यंत्र इंग्लंडचे, भांडवल शेटजींचे आणि विटाळ मात्र मनूचा! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांनाही त्याचे उत्तर देणे भाग पाडले.

आता महाडकडे या. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास, शिळे तुकडे न मागण्यास सांगितले. डिसेंबरच्या परिषदेत स्त्रियांना नेसणे-दागिने बदलण्यास सांगितले. लोकांनी ते ऐकले. पुढे काय झाले? जमीनदारांनी कसायला दिलेल्या जमिनी काढून घेतल्या, मजुरी बंद केली. बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिच्या १९३० च्या अहवालात या बहिष्काराच्या हत्याराची नोंद आहे. मृतमांस खाता म्हणून जवळ करायचे नाही, आणि ते सोडले तर माजलात म्हणून काम द्यायचे नाही. राहणी हे केवळ निमित्त होते हे यावरून स्पष्ट होते.

आणि हा प्रश्न फक्त आमचा नाही. या किनाऱ्यावर मासळी कोण खात नाही? मांसाहाराच्या चाळणीतून आगरी, कोळी, कुणबी सगळेच खाली पडतात. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला तेव्हा बाबासाहेब नारायण नागू पाटलांच्या बाजूला उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच जाणिवेने.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याच्या काळात रोजगार विनिमय केंद्रे सुरू झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आला. मालकापुढे माणूस किती लाचार असतो हे त्यांनी सत्तेत बसून पाहिले. म्हणून १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी हे दुखणे नेमके दाखवले. उपाशी माणसासमोर नोकरी ठेवून त्याबदल्यात संघटना, भाषण, धर्म यांचा हक्क सोडण्याची अट घातली, तर तो कोणती निवड करील? सरकारचा अंमल आवरला म्हणून स्वातंत्र्य येत नाही, कारण मोकळ्या जागेत खाजगी मालकाचा अंमल बसतो. आमच्या वकिलीत या पानांइतका उपयोग क्वचित कशाचा झाला असेल.

ती योजना घटनेत आली नाही. कलम १६ सरकारी नोकरीपुरते राहिले. तरी हात अगदी रिकामे नाहीत. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ मधील कलम ४ मध्ये नोकरीही येते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने तशी तरतूद आली, आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. अडचण पुराव्याची आहे. जात विचारली तर गुन्हा होतो, ताटातले विचारले तर ती आवड ठरते!

एक गोष्ट आपल्यातही बोलली पाहिजे. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग बौद्ध उद्योजकाने न पिणाराच कामगार घ्यावा काय? आमचे काही कार्यकर्ते हो म्हणतात. आम्हास ते पटत नाही. क्रेनवर पिऊन चढू नये हा कामाचा नियम झाला, तो सर्वांना सारखा लावता येतो. पण प्रतिज्ञा ज्याची त्याने घ्यायची असते. पगार देणारा ती घ्यायला लावू लागला तर तो खोतच झाला.

ज्यांना मुलाखतीत असे प्रश्न विचारले गेले, त्यांनी घरी येताच तारीख, वेळ, विचारणाऱ्याचा हुद्दा आणि शब्दन्‌शब्द प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. सोबत गेलेल्या मित्राचीही सही घ्यावी.