पंडिता रमाबाई आणि मुक्तीतील अंध मुली

पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे घर आमच्या मराठी मंडळ्यांत विरळाच. विधवांचा व अनाथ मुलींचा कैवार घेणारी विदुषी म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांना स्वतःला नीट ऐकू येत नसे, आणि त्यांनी अंध मुलींनाही शिक्षण दिले, हे शब्बाथ शाळेत क्वचितच सांगितले जाते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. वडिलांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले होते. आईने ते मुलीला दिले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली विवाह झाला आणि दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८२ साली पुण्यास हंटर कमिशनपुढे साक्ष देताना, स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी केली. स्वतः डॉक्टर व्हावे या हेतूने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण कानाच्या दोषामुळे वैद्यकीचे दार त्यांना बंद झाले. विद्वत्ता होती, हिंमत होती, तरी एका उणिवेने वाट अडली. त्या खचल्या नाहीत. शिक्षणकार्याकडे वळल्या आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. आमचे बुऱ्हाणपूर तेव्हा त्याच प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते. तेथून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. देवीची साथ व उपासमार यांनी त्या काळी कित्येकांची दृष्टी जाई. मुक्तीत अंध मुलींनाही आश्रय मिळाला. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात करून ती त्यांना शिकविली. सहा उठावदार ठिपक्यांच्या त्या लिपीमुळे बोटांनी वाचता येऊ लागले; जोडीला टोपल्या विणण्यासारखे हातकाम होते. दयेची भाकर कोठेही मिळाली असती; येथे विद्या मिळाली, हा फरक मोठा आहे.

१९२१ साली मनोरमाबाई वारल्या. मुलीचे दुःख सोशीत रमाबाईंनी मराठी बायबलचे भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या.

त्यांच्या काळी अपंगांच्या बाजूने कायदा नव्हता. आज आहे. १९९५ साली पहिला सर्वंकष कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य झाले. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत. मात्र प्रमाणपत्र काढल्याशिवाय यातले बरेचसे हाती येत नाही, आणि गरीब आईबापांना तो मार्ग ठाऊक नसतो.

म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे. आपल्या वर्गात न येणारे एखादे मूल शेजारच्या घरात बसून असेल. त्याच्या आईवडिलांबरोबर सरकारी रुग्णालयात जावे, शाळेत नाव घालावे, आणि आपल्या वर्गात त्याला पुढची जागा द्यावी. रमाबाईंचे स्मरण याहून चांगले कोणते?