विश्लेषण : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राष्ट्रपतिपदाच्या शर्यतीत तिसरे का राहिले?

चिखली, कुदळवाडी किंवा जाधववाडीतल्या मतदाराला राष्ट्रपती निवडण्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही. त्याच्या वतीने भोसरीचे आमदार आणि शिरूरचे खासदार मत देतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५, तर खासदाराच्या मताचे ७०० होते. मतदार मोजके आणि अमेरिकेसारखे उमेदवारांचे समोरासमोर वादविवादही नाहीत. मग प्रचार आणि वृत्तपत्रांतील चर्चा यांनी फरक तो काय पडणार? १९६९ मध्ये मोठा फरक पडला. त्या निवडणुकीत एक मराठी उमेदवार होते, चिंतामणराव देशमुख.

कोण होते देशमुख?

जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, आयसीएस परीक्षेतही पहिले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री, १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले. आज चिखलीत कोणी स्टेट बँकेच्या शाखेत जातो, कोणी फोनवरून एलआयसीचा हप्ता भरतो. या दोन्ही संस्था त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळातल्या.

रेडिओची ताकद त्यांना माहीत होती?

होती. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतल्याची घोषणा त्यांनी आकाशवाणीवरून केली. कंपन्यांना हालचालीला वेळच मिळाला नाही. पण हे कौशल्य सरकारी निर्णयासाठी होते. स्वतःची प्रतिमा उभी करण्यासाठी त्यांनी ते वापरले नाही. त्याच वर्षी मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरोधात त्यांनी मंत्रिपद सोडले, लोकसभेत निवेदन करून मुंबईतील गोळीबारावर टीका केली आणि बाजूला झाले. महाराष्ट्रात त्यांचा जयजयकार झाला. दुसऱ्या एखाद्याने त्यावर पक्ष उभा केला असता. देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगावर गेले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९६९ मध्ये काय घडले?

३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींना उमेदवारी दिली. १९ जुलैला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. ही घोषणा इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरूनच केली. दूरचित्रवाणी तेव्हा फक्त दिल्लीत होती. देश रेडिओ ऐकत होता. दुसऱ्या दिवशी व्ही. व्ही. गिरी यांनी उपराष्ट्रपतिपद सोडले आणि ते अपक्ष उभे राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने देशमुखांना पाठिंबा दिला.

इथेच निवडणुकीचा विषय बदलला. अधिक लायक कोण, हा प्रश्न मागे पडला. बँका गरिबांसाठी की धनिकांसाठी, या प्रश्नाने पहिले पान व्यापले. विमा राष्ट्रीयीकृत करणारा, स्टेट बँक घडवणारा माणूस राष्ट्रीयीकरणाला विरोध करणाऱ्यांचा उमेदवार म्हणून ओळखला जाऊ लागला. सारी कारकीर्द एका शिक्क्याखाली झाकली गेली. ते शिक्क्याशी भांडले असते तरी ऐकायला कोणाला वेळ होता, असा प्रश्न पडतोच.

दुसऱ्या पसंतीचा घोळ काय होता?

या निवडणुकीत मतदार पसंतीक्रम देतो. कोणालाच ठरलेला कोटा गाठता आला नाही, तर तळातील उमेदवार बाद होत जातात आणि त्यांची मते पुढच्या पसंतीला जातात. देशमुखांच्या मतदारांनी दुसरी पसंती रेड्डींना द्यावी, यासाठी काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पत्र लिहून खुलासा मागितला. पत्रे वृत्तपत्रांत गाजली. बेरजेचे साधे राजकारण उजव्यांशी संगनमताचा पुरावा ठरले आणि त्या आधारावर सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन पुढे आले. राष्ट्रपती निवडणुकीत पक्षादेश लागू नसतो, हे खरे. पण पंतप्रधानांनी स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवाराला असे वाऱ्यावर सोडल्याचे देश प्रथमच पाहत होता.

प्रचाराची काळी बाजूही होती. रेड्डींची बदनामी करणारे निनावी पत्रक संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात फिरले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला उभे राहिले आणि १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली.

निकाल काय लागला?

मतदान १६ ऑगस्टला, मोजणी २० ऑगस्टला झाली. कोटा होता ४,१८,१६९. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. पसंतीची मते वळल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. देशमुखांची बहुतेक मते रेड्डींकडेच गेली होती. अंतर केवळ १४,६५० चे उरले.

काँग्रेस त्याच वर्षी फुटली. रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. देशमुखांना १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले, पत्नी दुर्गाबाईंनाही त्याच वर्षी. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.