तीन शायांचे दादासाहेब

मागच्या महिन्यात जेऊरजवळच्या एका वस्तीवरून एक आजी आल्या. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमेचा फोटो नातवाने मोबाइलवर काढून बाजारात छापून घेतला होता. कागदावर जखम काळी दिसत होती. पाय जाणार, असे घरच्यांनी धरूनच चालले होते. नातवाच्या मोबाइलवर मात्र तोच फोटो लाल होता. पट्टी सोडली तेव्हा आत लालसर, भरत आलेले मांस दिसले.

रंग कागदावर जसाच्या तसा कसा उतरवायचा, हे कोडे ज्यांनी अनेक वर्षे हाताळले, ते आपल्या ओळखीचे आहेत. धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते रंगीत छपाईचे कारागीर होते.

त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, 30 एप्रिल 1870 चा. मुंबईचे जे. जे. स्कूल, मग बडोद्याचे कलाभवन. गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, राजा रविवर्मांच्या लिथो छापखान्यासाठी काम, आणि मग स्वतःचा छापखाना. 1909 मध्ये तिरंगी छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते थेट जर्मनीला गेले.

तिरंगी छपाई म्हणजे एकाच चित्राचे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीन फोटो घ्यायचे, त्यांचे तीन ठसे करायचे आणि आकाशी, गुलाबी व पिवळी शाई एकावर एक छापायची. ठसा केसभर सरकला तरी चेहरा बिघडला. तीनच रंग का पुरतात, याचे उत्तर आपल्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात.

मोबाइलचा पडदाही तीनच रंग वापरतो, पण तो दिवा आहे. त्याचे लाल, हिरवे, निळे ठिपके एकत्र पेटले की पांढरे दिसते. कागद दिवा नाही. शाई प्रकाश गिळते आणि उरलेलाच आपल्यापर्यंत येतो. तिन्ही शाया एकत्र आल्या की काळपट होते. म्हणून पडद्याचा झगझगीत लाल कागदावर मळकट होतो, आणि पडदा फार उजळ ठेवून फोटो पसंत केला असेल तर छापील प्रत हमखास काळवंडलेली वाटते. ट्यूबखाली आणि खिडकीशी तीच प्रत वेगळी दिसते, ते निराळेच. पडद्याचा उजेड समोर धरलेल्या कोऱ्या कागदाइतका उतरवावा, आधी एक छोटी प्रत काढून दिवसाच्या उजेडात पाहावी, मग मोठी छापावी. जखम किंवा बाळाची कावीळ मात्र कागदावरही पाहू नये आणि मोबाइलवरही नाही. माणूसच दवाखान्यात आणावा.

दादासाहेबांचा छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी बिनसले आणि ते बाहेर पडले. 1911 च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वेड लागले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहायचे, झोप नाही. डोळे इतके बिघडले, की दिसेनासे झाले. डोळ्यांच्या डॉक्टरांचे उपचार आणि चष्मे यांनी नजर परत आली. सावरताच त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठले. आज असा रुग्ण माझ्यासमोर आला, तर मी त्याला सक्तीची विश्रांती सांगेन; त्यांनी ती ऐकली असती असे वाटत नाही.

परतल्यावर त्यांनी कॅमेऱ्यात टिपली ती कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सोबत होत्या. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तीन रंगांसाठी जर्मनी गाठणाऱ्या माणसाचा पडदा काळापांढरा होता, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ 1937 चा. देशातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट ‘किसान कन्या’ त्याच वर्षी मुंबईत आला, पण तो दुसऱ्यांचा होता. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला दादासाहेब गेले.

आजींचा पाय शाबूत आहे. दर मंगळवारी पट्टी बदलायला येतात.